खूण

बर्फाच्या कारखान्यावर, लोखंडी जिना चढून, सोसायटीचं ऑफिस.
तिथं खरं यंत्र एकच.
त्याच्या पोटात सहा यंत्रं आहेत, म्हणजे नाहीत, पण चालतात:
एक डिझेलचा कोटा सांभाळतं, एक लिलाव,
एक बिचारं रात्रंदिवस बर्फाच्या लाद्याच मोजतं,
आणि पाचव्याच्या डिस्कवर, कुलूपबंद,
हर्णैच्या बोटींच्या जागा:
कुठल्या खडकावर, कुठल्या तिथीला, कोणाला काय लागलं.

धर्माजी पावसेनं आपली जागा द्यायला
दोन पावसाळे घेतले.
"माझा बाप किल्ल्याचा बुरूज
नि मागच्या डोंगरावरचा एकटा माड
एका रेघेत आनायचा, मग नांगर.
मला न्यायचा. सांगायचा नाय.
तुला दिली तर तुला दिसनार ना ती?"

मी लगेच उत्तर दिलं नाही.
कारण माझ्याआधी इथं खोपटकर होता,
आणि त्यानं पासवर्ड कॅलेंडरवर लिहिला होता,
ओहोटीच्या वेळेखाली, सप्तमीच्या चौकोनात.
चहाला येणारा प्रत्येक जण तो वाचून जायचा.
पुढं कोणी हटकलं, तर त्यानं तोच
अक्षरं बदलून फाइलीत ठेवला.
उलटा घातलेला सदरा.
कोणीही सुलटा करावा.

मी पहिल्यांदा तो आज्ञेतच टाइप केला होता.
यंत्र आज्ञा विसरत नाही,
वरचा बाण दाबला की माझंच गुपित
माझ्याकडं बघत उभं.
पुसलं. नवं केलं. पुन्हा पहिल्यापासून.

आता त्याला एक लांबलचक नंबर आहे,
तो विचाराल त्याला सांगेन.
कुठल्या डिस्कसाठी, तेही यादीत दिसतं.
आत काय आहे हे मात्र यादी सांगत नाही, मलाही नाही:
मी ठेवू शकते, बदलू शकते, मोडून टाकू शकते,
परत मागितलं तर नकार.
फक्त पाचवं यंत्र जागं होताना
आतल्या आत त्याच्या हाती किल्ली पडते.

एवढं धर्माजीला सांगितलं, माझ्या भाषेत, फार बोलून.
तो म्हणाला, "म्हंजे न्यायचा, सांगायचा नाय."

एक प्रश्न उरला होता. डिस्कवर लिहून ठेवू,
की नुसतं आठवणीत राहू दे?
लिहिलं तर किल्ली कुलपाशेजारीच टांगलेली.
मी आठवण निवडली.
आणि भाद्रपदात एका रात्री लाइट गेली,
इन्व्हर्टरनं चाळीस मिनिटं धरलं,
मग त्यानंही सोडलं.

पहाटे पाच यंत्रं उठली.
पाचवं उठेना.
खाली बंदरात इंजिनं तापत होती,
जिन्यावर पोरं, "नसीमाताई, आमचा पॉइंट दे गो लवकर,"
नि माझ्या डोक्यात, खरं सांगते, एकही अक्षर नव्हतं.
ठेवलंच नव्हतं मी ते डोक्यात.

अर्धं चोगले खजिनदाराच्या तिजोरीत, लाखेच्या पाकिटात.
अर्धं माझ्या घरी, शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.
चोगले आले, लुंगीवरच, स्वतःचं अर्धं
स्वतःच टाइप करत, एका बोटानं.
मी भिंतीकडं तोंड करून उभी.
मग माझी पाळी. ते भिंतीकडं.
धर्माजी दारात होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही.
त्यानं टोपी काढली
आणि समुद्राकडं वळला,
जसा एखादा बाप जवळ आला की
पोरगा मुद्दाम दुसरीकडं बघतो,
मला बघायचं नाही म्हणून.

पंखा घरघरला. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला, मग थांबला.

"लागलं?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं,
गळाला विचारतात तसं.

लागलं, म्हणाले.
पाकिटं पुन्हा बंद करायला लाख नव्हती.
चोगलेंनी डिंक आणला.